दुसऱ्या कुत्र्यांवर तुटून पडणाऱ्या कुत्र्याला रोज फिरवायलाच हवं का?

चिंगीचा_बाबा:
माणसांशी गोड, घरात शहाणं, पण रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की पट्ट्याला हिसडे देत दोन पायांवर उभं राहून भुंकणार. आमची चिंगी त्यातलीच. माझं मत, अशा कुत्र्याला रोज रस्त्यावर न्यायचा हट्ट सोडावा. 'दोन वेळा फिरवलंच पाहिजे' हा सल्ला जिथे भटकी कुत्री नाहीत तिथून आलाय. पुण्यात प्रत्येक कोपऱ्यावर टोळी बसलेली. सकाळी बिथरलेलं कुत्रं धड निवत नाही, तोवर संध्याकाळी पुन्हा तेच. आम्ही शी-शू सोसायटीच्या मागच्या बोळात उरकतो, घरात जुन्या टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून हुंगत बसू देतो आणि रविवारी गाडीतून मोकळ्या माळावर नेतो. चिंगी आता निवांत झोपते.

सावनी_एम:
निवांत झोपते, कारण समोर कुत्रंच येत नाही! उद्या लिफ्टचं दार उघडल्यावर आत एखादं दिसलं की पुन्हा तमाशा.
खरा खेळ अंतराचा आहे. समोरचं कुत्रं दिसतंय, तरी आपलं खाऊ घेतंय, हाकेला वळतंय, एवढं लांब उभं राहायचं. कुणाला वीस फूट पुरतात, कुणाला अख्खं मैदान लागतं. कुत्रं दिसलं की लगेच उकडलेलं चिकन, ते नजरेआड गेलं की चिकन बंद. आधी कुत्रं, मग चिकन. क्रम उलटा केलात तर पिशवी उघडताच आपलं कुत्रं दुसरं कुत्रं शोधायला लागेल. भुंकणं सुरू झालं की त्या वेळेपुरती शिकवणी संपली, मुकाट मागे फिरायचं.

दादा_पिंपरीकर:
चिकन चारून लाडावून ठेवा अजून. आमच्या शेफर्डला ट्रेनरने चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) लावून दोन झटके दिले, सरळ झाला.

सावनी_एम:
दादा, झटका बसतो तेव्हा समोर दुसरं कुत्रं असतं. 'हे आलं की मान दुखते' एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. गुरगुरणं थांबतं, भीती तशीच राहते, आणि मग एक दिवस न गुरगुरता चावतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेनेही 2021 मध्ये फक्त बक्षिसावर चालणारं शिक्षण द्या, असं जाहीर सांगितलंय.

दादा_पिंपरीकर:
आमचा नाही चावला अजून.

कोपऱ्यावरचा:
चिकनवाल्यांनो, भटकी कुत्री तुमचं अंतर पाळत नाहीत, चालत अंगावर येतात. वर तुमच्या चिकनचा वास! भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून त्यांना पकडलेल्या जागीच परत सोडतात, म्हणजे तुमच्या गल्लीतली टोळी कायमची. पण त्याच नियमांत सोसायटीने खाऊ घालायची जागा ठरवावी, ती जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावी, असंही आहे. आमच्याकडे ती गेटपासून हलवल्यावर सगळी टोळी तिकडे सरकली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर भांडा, पट्ट्यावर नंतर.

आजोबा_बी_विंग:
मी कुत्रेवाला नाही. तुमचं कुत्रं फक्त कुत्र्यांवर भुंकतं हे तुम्हाला ठाऊक, लिफ्टमधल्या माझ्या नातवाला नाही. तोंडाला काही बांधत का नाही?

सावनी_एम:
आजोबांचं रास्त आहे. मात्र जाळीचा मझल, म्हणजे मुसकं, घ्या. त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारा कापडी मझल फिरताना नकोच, उन्हात तर जिवावर बेतेल. आधी घरीच, मझलच्या आत खाऊ ठेवून सवय लावायची.

चिंगीचा_बाबा:
मझल मान्य, लिफ्टसाठी तर नक्कीच. चिकनचंही बघतो, पण माळावर. गल्लीत रोज नेणं मला अजूनही पटलेलं नाही.

सावनी_एम:
माळ चालेल की. तिथे कुणाचं तरी शांत, पट्ट्यातलं कुत्रं लांब उभं करायला मिळतंय का बघा. भटकं नको, ते जागेवर थांबत नाही.