एनआयसीयूत ग्लव्ज घालूनच फोन उचलला, बोलावं का?

इंदुरी_मामा:
बहिणीचं बाळ आठव्या महिन्यातच झालं, 1 किलो 700 ग्रॅमचं, इंदुरातच एका खाजगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आहे, आज सहावा दिवस. काल काचेतून बघत होतो तर सिस्टरनी ग्लव्ज घालून शेजारच्या बाळाचं डायपर बदललं, त्याच ग्लव्जनी खिशातला फोन काढून बोलल्या आणि मग तशाच आमच्या पिल्लूची सलाइनची नळी सरळ केली. मी म्हटलं तर म्हणे, "ग्लव्ज पहने हैं ना भैया." घरचे म्हणतात वाकडं घेऊ नको, बाळ त्यांच्या ताब्यात आहे. मी उगाच करतोय का?

रात्रपाळी:
उगाच नाही हो. 14 वर्षं एनआयसीयूत काढलीत म्हणून सांगते, ग्लव्जनी सिस्टरचा हात स्वच्छ राहतो, बाळाचा बचाव नाही होत. एका बाळाचे ग्लव्ज काढायचे, हात चोळायचे, मगच दुसरं बाळ. सॅनिटायझर 20-30 सेकंद, हात दिसायला घाण असतील तर साबण-पाणी, 40 ते 60 सेकंद. आपल्याकडे एनआयसीयूत क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू जास्त त्रास देतात, बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाहीत, आणि हातावरून, सक्शनच्या नळीवरून, बेसिनच्या ओल्या जाळीतूनसुद्धा फिरतात. कमी दिवसांच्या बाळाची कातडी कागदासारखी, त्यात सुई टोचलेली, मग आत शिरायला वाट आयतीच. बाळ सुस्त पडलं, दूध घेईना, अंग गार लागलं तर लगेच सांगा, ताप यायलाच हवा असं नसतं. पण सिस्टरवर ओरडू नका, एकेकीकडे सहा-सहा बाळं असतात. इन्चार्ज सिस्टरला गाठा.

सुदामानगरची_काकू:
आणि आपल्या माणसांचं काय? आमच्या नातवाच्या वेळी पाचवीच्या पूजेला अख्खी गल्ली, प्रत्येकीला गाल ओढायचेच! एक तर नाळेला हळद लावायला निघाली होती, मी हात धरला. घरी आणल्यावर नाळ कोरडी ठेवा, गुटी-मध काही नको, आईचं दूध फक्त.

बिनकामाचा_इंजिनीअर:
शहर 2017 पासून सफाईत पहिलं, आता हात तेवढे राहिले 😀 बाकी हे बोलून दाखवणं कुणालाच आवडत नाही. 1847 ला व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपकन खाली आले, तरी बरेच डॉक्टर त्याच्यावरच चिडले.

इंदुरी_मामा:
अपडेट: इन्चार्ज सिस्टरशी बोललो, ऐकून घेतलं त्यांनी. आज प्रत्येक वॉर्मरला (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याला) सॅनिटायझरची बाटली अडकवलेली दिसली. आत सोडताना आधी माझीच अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं, अंगठी लग्नापासून निघालेली नव्हती, साबण लावून दहा मिनिटं खेचली, खाली काळपट मळ होता. कोपरापर्यंत धुतलं मग.