आजीच्या वहीतील शेराच्या मापाची नानखटाई ओव्हनमध्ये पसरते. सल्ला हवा आहे

मूळ प्रश्न (पुणे)

नमस्कार. माझ्या आजीची दिवाळीची नानखटाई घरच्या ओव्हनमध्ये करण्याचा प्रयत्न मी दोन वेळा केला आणि दोन्ही वेळा ती बिघडली, म्हणून येथील अनुभवी मंडळींकडे सल्ला मागत आहे.

आजी इस्लामपूरला राहत असे. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घेऊन ती स्वतः बेकरीत जाई, डोळ्यांसमोर पीठ तयार करून घेई आणि आपल्या आडनावाची चिठ्ठी खोचलेले पत्रे भट्टीतून बाहेर येईपर्यंत तेथील बाकावर बसून राही. बेकरीवाल्याला फक्त मजुरी द्यायची असे. त्या नानखटाईवर बारीक भेगा असत, मधोमध एक चारोळी असे, आणि तोंडात टाकल्यावर ती टाळूला न चिकटता विरघळत असे.

आजीच्या वहीत कृती अशी आहे: मैदा १ शेर, पिठीसाखर पाऊण शेर, डालडा पाऊण शेर, सोडा चिमूटभर, वेलदोडे, जायफळ, साखर व डालडा हलके होईतो फेसणे, मळू नये. त्या पानाच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा तुपकट डाग अजून आहे. भाजण्याविषयी मात्र एक अक्षरही नाही, कारण भाजण्याचे काम तिचे नव्हतेच.

मी शेराच्या चार वाट्या धरल्या आणि त्या हिशेबाने ४ वाट्या मैदा, ३ वाट्या पिठीसाखर आणि डालड्याऐवजी घरचे साजूक तूप ३ वाट्या घेतले. मिश्रण इतके सैल झाले की गोळे वळता येईनात, तेव्हा आणखी मैदा अंदाजाने घातला. १८० अंशांवर २० मिनिटे ठेवल्यावर सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटले. कडा तांबूस झाल्या आणि मध्यभाग कच्चा राहिला. दुसऱ्या वेळी नानखटाई फुलावी म्हणून अर्धा चमचा सोडा घातला, तर ती आणखी चपटी आणि काळपट झाली व जिभेवर साबणासारखी चव राहिली.

शेराचा हिशेब कसा लावावा, साजूक तूप चालेल का आणि ओव्हनचे तापमान किती असावे, हे कृपया सांगावे. घराजवळच्या दोन बेकऱ्यांमध्ये विचारले, परंतु घरचे साहित्य भाजून देण्याचे काम आता घेत नाही असे दोघांनीही सांगितले.

प्रतिसाद (सांगली)

ताई, माझ्या सासरी पुष्कळ वर्षे बेकरी होती आणि दिवाळीत अशी घरोघरची नानखटाई आम्ही रात्री उशिरापर्यंत भाजून देत असू, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपल्या आजींची कृती अगदी बरोबर आहे. चूक वाटीची आहे.

शेर हा शब्द दोन अर्थांनी वापरला जाई. धान्य मोजण्याचा शेर हे माप होते आणि ते गावागणिक बदलत असे. वजनाचा पक्का शेर मात्र ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. बेकरीत न्यायचे साहित्य दुकानातून तोलून आणलेले असे, त्यामुळे वहीतील १ : पाऊण : पाऊण हे प्रमाण वजनाचेच धरावे. वाटीने मोजले की काय होते ते पाहा. एकाच वाटीत तूप मैद्याच्या पावणेदोन पटींच्या आसपास भरते, कारण मैदा हलका व पोकळ असतो. म्हणजे ४ वाट्या मैद्याला ३ वाट्या तूप घेतल्यावर आपल्या परातीत मैद्यापेक्षा तूपच वजनाने जास्त झाले होते. नंतर अंदाजाने मैदा घातल्यावर साखरेचेही प्रमाण बिघडले. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर या कृतीसाठी तो जरूर घ्यावा. दुसऱ्या कोणत्याही सुधारणेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता तुपाविषयी. डालडा १९३७ पासून बाजारात आहे आणि तो स्वस्त होता म्हणून बेकरीत आला हे खरे, परंतु नानखटाईत तो टिकला याचे कारण वेगळे आहे: आपल्याकडच्या उष्ण हवेतही तो घट्ट राहतो, फेसताना हवा धरून ठेवतो आणि भट्टीत गोळ्याला सावकाश सैल होऊ देतो. साजूक तूप त्या मानाने लवकर पातळ होते. म्हणून तूप वापरायचे असेल तर ते थोडे कमी घ्यावे. २५० ग्रॅम मैद्याला वहीप्रमाणे डालडा १८५ ग्रॅमच्या आसपास येईल. साजूक तूप आणि पिठीसाखर मी प्रत्येकी १६० ग्रॅम घेते. साखरही कमी करण्याचे कारण असे की ती वितळून पसरण्याला हातभार लावते. डालड्याविषयीची आपली नाराजी मी समजू शकते, तरी एवढे सांगते की जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-वनस्पतीतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीचा डालडा आणि आजचा डालडा एकच समजू नये. चवीच्या बाबतीत मात्र मी साजूक तुपाच्याच बाजूची आहे.

तूप रवाळ आणि थिजलेले असावे, कढवलेले गरम तूप मुळीच घालू नये. परातीत तूप व साखर तळहाताने गोल फेसत राहावे. १५ मिनिटांत रंग पांढरा होऊ लागतो. झाले की नाही हे पाहण्याची आमच्या सासूबाईंची खूण अशी होती की वाटीभर पाण्यात त्या मिश्रणाचा छोटा थेंब सोडावा. साखरेमुळे कच्चे मिश्रण जड असते व तळाशी जाते; त्यात पुरेशी हवा शिरली की तोच थेंब पाण्यावर तरंगतो. थेंब तरंगेपर्यंत मैदा घालू नये.

आपल्या आजींनी लिहिलेले ‘मळू नये’ हे दोन शब्द तर फारच मोलाचे आहेत. मैदा चाळून घालावा आणि बोटांनी फक्त गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखे मळल्यास मैद्याला चिवटपणा येतो, तूप सुटू लागते आणि नानखटाई विरघळण्याऐवजी कडक होते.

सोडा खरोखरच चिमूटभर असावा. या कृतीत दही किंवा दुसरे आंबट काही नाही, त्यामुळे जास्तीचा सोडा तसाच उरतो. साबणासारखी चव आणि काळपट रंग त्यातूनच आले. २५० ग्रॅमला पाव चमचा बेकिंग पावडर आणि अगदी चिमूटभर सोडा पुरे.

राहिली आच. लाकडाच्या भट्टीत आधी पाव भाजले जात आणि नंतर उतरत्या आचेवर नानखटाईचे पत्रे जात. सुरुवातीची धग वरचा पापुद्रा धरून ठेवते, भेगा पडतात, आणि मग उतरत्या उष्णतेत आतला भाग सावकाश कोरडा होतो. (मुंबईतील लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आहे. हवेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्या आचेची आठवण आमच्यासारख्यांना राहणारच.) घरच्या ओव्हनमध्ये हीच चाल साधावी: १० मिनिटे आधी तापवून १७० अंशांवर ५ ते ६ मिनिटे, नंतर १५० अंशांवर १२ ते १४ मिनिटे. वरून रंग फिकाच राहिला पाहिजे, फक्त बूड उलटून पाहिल्यावर बदामी दिसावे. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा आत ठेवू नये. ट्रेवरच १० मिनिटे निवू द्यावी.

आणि सगळा ट्रे भरण्यापूर्वी एकच गोळा भाजून पाहावा. तो पसरला तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा घालता येतो. ट्रे भरून भाजल्यावर काहीच करता येत नाही.

प्रतिसाद (नागपूर)

वरील सल्ला उत्तम आहे, त्यात एक भर घालतो. आमच्याकडे मैद्याचा पाचवा हिस्सा काढून त्याऐवजी बारीक बेसन आणि दोन चमचे रवा घालतात. बेसनाने खमंगपणा येतो आणि रव्यामुळे नानखटाईला खुसखुशीत कणी मिळते. शिवाय साजूक तुपाचे पीठ थोडे आवळून येते.

प्रतिसाद (सांगली)

बेसन मलाही आवडते, तरीही पहिल्या खेपेला ते घालू नये असे माझे मत आहे. ताईंना आजींची चव शोधायची आहे आणि वहीत बेसन नाही. एकदा मूळ चव हाती आली की मग हवे ते बदल करावेत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही.

प्रतिसाद (टोरांटो)

परदेशात हा धागा वाचणाऱ्यांसाठी लिहिते. कॅनडातील साधा ऑल पर्पज मैदा आपल्याकडच्या मैद्यापेक्षा चिवट असतो, त्यामुळे मी केक अँड पेस्ट्री फ्लोअर वापरते. येथे दिवाळीत तूप दगडासारखे घट्ट होते. ते वितळवण्याचा मोह टाळून भांडे तासभर ओट्यावर ठेवावे आणि बोट सहज रुतू लागले की फेसायला घ्यावे. फ्रीजमध्ये गोळे ठेवण्याची येथे गरज पडत नाही, पण पुण्या-मुंबईत वळलेले गोळे अर्धा तास थंड करून भाजल्यास निश्चित फरक पडेल.

प्रतिसाद (रत्नागिरी)

ओव्हन नसलेल्यांनीही निराश होऊ नये. माझी आई पितळी पातेल्यात खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून नानखटाई करीत असे. मी आता जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून १० मिनिटे तापवते आणि मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजते. वरून धग नसल्याने भेगा कमी पडतात, पण चव चांगली येते. झाकणाला आतून फडके बांधावे, म्हणजे वाफेचे पाणी नानखटाईवर पडत नाही.

मूळ प्रश्नकर्ती (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी नवा वजनकाटा घेऊन २५० ग्रॅम मैद्याचे प्रमाण केले. माझी नेहमीची वाटी तोलून पाहिली तर तीत मैदा ८० ग्रॅम आणि तूप १३५ ग्रॅम भरले, तेव्हा आधी काय घडले होते ते डोळ्यांना दिसले.

तूप-साखर १५ मिनिटे फेसूनही थेंब तळाशी गेला. आणखी ८ मिनिटांनी तो तरंगला. चाचणीचा पहिला गोळा थोडा पसरला, म्हणून मैदा न वाढवता टोरांटोच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे उरलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले. नंतरचा ट्रे ओव्हनच्या काचेतून पाहत होते. सातव्या मिनिटाच्या सुमारास चारोळीच्या बाजूने पहिली भेग पडली आणि मग एकेका गोळ्यावर भेगा उमटत गेल्या. चाचणीचा धरून एकूण २८ नानखटाया झाल्या. वडिलांनी एक खाऊन जायफळ थोडे जास्त हवे होते एवढेच सांगितले. आजी ते अर्धे किसून घालत असे म्हणे.

वहीतील त्या पानाखाली आता ग्रॅमचे प्रमाण आणि भाजण्याच्या दोन आचा पेन्सिलने लिहून ठेवल्या आहेत. सांगलीच्या ताईंना एकच विचारायचे आहे: दिवाळीसाठी एक किलो मैद्याचे करायचे असल्यास तूप-साखर एकदम फेसावी की चार भागांत?

प्रतिसाद (सांगली)

चार भागांतच फेसावी. घरच्या परातीत एवढे एकदम हाताने नीट फेसले जात नाही, आणि शेवटच्या भागापर्यंत पहिल्यातली हवा निघून जाते. पहिला ट्रे आत गेल्यावरच दुसऱ्या भागाचे फेसणे सुरू करावे.