नगरपरिषदेकडे पाच अर्ज दिले, पाचही पोच जपून ठेवल्या, काम मात्र झाले नाही. पुढे काय करावे?

नौपाडा, ठाणे (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, परंतु हा प्रश्न माझ्या आई-वडिलांच्या घराचा आहे. ते रायगड जिल्ह्यातील एका लहान, क वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत राहतात. घरापासून चाळीसेक पावलांवर नाला मुख्य रस्त्याखालून जातो आणि तेथे सिमेंटच्या दोन पाइपांची जुनी मोरी आहे. त्यातला एक पाइप गाळाने पूर्ण बुजला आहे, दुसऱ्याच्या तोंडाशी झावळ्या आणि प्लास्टिक अडकून राहते. सलग दोन तास जोराचा पाऊस लागला की पाणी मागे फिरते आणि आमच्या आळीतील अकरा घरांत शिरते. या जुलैत आईने देव, पिठाचा डबा आणि शेगडी पलंगावर चढवली. सिलिंडर मात्र दोघांना मिळूनही उचलता आला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन पावसाळ्यांच्या तीन रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेशेजारी आईने पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे.

तीन वर्षांत आम्ही मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पाच अर्ज दिले. प्रत्येकाच्या स्थळप्रतीवर गोल शिक्का आणि आवक क्रमांक आहे. लेखी उत्तर एकाचेही आले नाही. चौकशी केली की ‘वर पाठवले आहे’ एवढेच सांगतात. शनिवारी कार्यालय बंद असल्यामुळे प्रत्येक खेपेला मला रजा टाकून जावे लागते, आणि बाबांचे वय आता खेपा घालण्याचे राहिलेले नाही. अशा वेळी योग्य मार्ग कोणता? सेवा हक्क कायद्याचा उपयोग होईल का? की आळीतील सर्वांनी मिळून एकदाच जावे?

नेरूळ, नवी मुंबई

सर्वांत आधी एक विचारते: ती मोरी आहे कोणाची? हे वाक्य उद्धट वाटेल, पण नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला ते अनुभवाने शिकावे लागते. येथे १९७० पासून सिडकोने शहर वसवले, महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचा भाग औद्योगिक विकास महामंडळाचा, आणि महामार्गाची यंत्रणा पुन्हा वेगळी. आमच्या सोसायटीसमोरील उघड्या गटाराच्या झाकणासाठी मी सात महिने एका कार्यालयात जात होते. शेवटी तेथील एका कनिष्ठ अभियंत्याने नकाशा उलगडून दाखवला की ती पट्टी त्यांच्याकडे हस्तांतरितच झालेली नव्हती. त्यांनी काम टाळले असे मला म्हणता येणार नाही, कारण ते काम त्यांचे नव्हतेच. परंतु पहिल्या दिवशी हे कोणी लिहून दिले असते, तर माझे सात महिने वाचले असते.

आपला मुख्य रस्ता गावाबाहेर पुढे जात असेल, तर तो राज्य महामार्ग किंवा जिल्हा मार्ग असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग त्याखालची मोरी सार्वजनिक बांधकाम विभागाची असू शकते. पुढच्या वेळी गेलात की रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड पाहा. त्याचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग.

निवृत्त लिपिक, कळवा

ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवले आहे. मी एका नगरपरिषदेत आवक-जावक आणि नंतर बांधकाम विभागात मिळून एकतीस वर्षे नोकरी केली. टेबलाच्या आतल्या बाजूने अर्जाचे काय होते ते सांगतो, म्हणजे आपले पाच अर्ज कोठे थांबले असतील याचा अंदाज येईल.

अर्ज आला की शिक्का मारून नोंदवहीत चढतो आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टपालात जातो. ते त्यावर विभागाचे नाव लिहून सही करतात. तेथून तो संबंधित लिपिकाकडे येतो, आणि अर्जाचे आयुष्य तेथेच ठरते. अर्जात एकच काम, एकच जागा आणि एकच मागणी असेल तर लिपिक टिप्पणी लिहून अभियंत्याकडे स्थळपाहणीसाठी पाठवू शकतो. अर्जात नाला, डास, पथदिवे, कुत्री आणि शेजाऱ्याचे वाढीव बांधकाम असे सगळे एकत्र असेल, तर तो कोणत्याही एका धारिकेत बसत नाही आणि ‘सर्व विभागांना माहितीस्तव’ फिरत राहतो. लोक रागाच्या भरात सगळे एकदम लिहितात, ते मी समजू शकतो, पण त्यामुळे त्यांचेच नुकसान होते. आपले पाच अर्ज कसे होते ते एकदा वाचून पाहा.

दुसरी गोष्ट पैशाची. मोरीचे तोंड साफ करणे आणि मोरी नव्याने बांधणे ही कार्यालयाच्या दृष्टीने दोन संपूर्ण वेगळी कामे आहेत. साफसफाई ही पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईच्या ठेक्यात येते. त्या ठेक्याचे अंदाजपत्रक तयार होताना नाल्यांची यादी केली जाते, आणि जो नाला यादीत नाही त्याला ठेकेदार हात लावत नाही, कारण त्याचे देयक निघणार नाही. नव्या मोरीला मात्र अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश हा सगळा प्रवास करावा लागतो, आणि मुळात अर्थसंकल्पात तरतूद असावी लागते. अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते. जुलैत घरात पाणी शिरल्यावर दिलेला अर्ज त्या वर्षाच्या कामांना उशिराचा आणि पुढच्या वर्षाच्या तरतुदीला फार लवकरचा ठरतो. डिसेंबरपर्यंत त्याच्यावर चार महिन्यांचे टपाल साचलेले असते. म्हणून एक अर्ज नोव्हेंबरमध्ये अवश्य द्यावा, त्यात मागील पाचही आवक क्रमांक व तारखा लिहाव्यात, आणि मागणी अशी करावी: ‘सदर मोरीचा समावेश आगामी नालेसफाईच्या यादीत करावा व तसे लेखी कळवावे.’

सेवा हक्क कायद्याविषयी: २०१५ चा हा कायदा उत्तम आहे, परंतु तो अधिसूचित सेवांना लागू होतो. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी यांसारख्या सेवा मुदतीत मिळाल्या नाहीत तर अपील करता येते. तुंबलेला नाला ही त्या अर्थाने सेवा नसून तक्रार आहे. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रारीसाठी वेगळा विभाग आहे, तेथे ती नोंदवावी. मात्र ती फिरून त्याच टेबलावर येते हे लक्षात असू द्या.

आपल्या खरोखर उपयोगी पडेल तो २००५ चा माहितीचा अधिकार. दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत हवा. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नका. कारण विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते. कागद मागा: मागील दोन वर्षांच्या नालेसफाईचे अंदाजपत्रक, नाल्यांची यादी, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती. आपली मोरी यादीत नसेल तर तक्रार कोठे करायची ते कळेल. आणि यादीत असेल, मोजमापही नोंदले असेल, पण पाइप आपण सांगता तसा बुजलेलाच असेल, तर तो कागद पाच अर्जांपेक्षा जास्त वजनाचा आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ते आले नाही तर पुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे.

आणि आपल्या आईंनी लिहिलेल्या त्या तारखा पुसू देऊ नका. भिंतीला मोजपट्टी लावून छायाचित्रे काढून ठेवा.

घोडबंदर रोड, ठाणे

काकांबद्दल पूर्ण आदर राखून मी वेगळे मत मांडतो. तीन वर्षे कागदच दिले आहेत, आता आणखी कागद कशासाठी? आमच्या संकुलासमोरील सेवा रस्त्याचे काम पन्नास रहिवासी एकदम गेल्यावरच हलले. अकरा कुटुंबांनी मिळून जावे, तेही लोकशाही दिनाला. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि सर्व विभागांचे अधिकारी समोर बसलेले असतात.

निवृत्त लिपिक, कळवा

जाण्याला माझा विरोध नाही, परंतु रिकाम्या हाताने जाऊ नये. जमाव आला की आम्ही साहेबांना बाहेर बोलवत असू, साहेब ‘आठ दिवसांत करतो’ म्हणत, लोक समाधानाने परत जात. त्या आठ दिवसांना आवक क्रमांक नसे. सर्वांनी जाऊन त्याच वेळी संयुक्त स्थळपाहणीची तारीख लेखी मागावी आणि पाहणीच्या दिवशी मोरीपाशी उभे राहून पंचनाम्यावर अकराही घरांच्या सह्या कराव्यात. असे झाले तर आपण म्हणता त्या एकजुटीचा पुरेपूर उपयोग होईल.

लोकशाही दिनाबाबत एक दुरुस्ती. तेथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार घेतली जाते, विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि तालुका पातळीवर आधी दाद मागितलेली असावी लागते. त्यामुळे ‘आमच्या आळीची समस्या’ असे न लिहिता प्रत्येक घराने ‘माझ्या घरात अमुक तारखेला इतके पाणी शिरले’ असा स्वतःचा अर्ज करावा. ज्यांच्याकडे पाणी शिरल्यानंतर तलाठ्याने पंचनामा केला असेल, त्यांनी त्याची प्रत जोडावी.

वकील, ठाणे न्यायालय परिसर

वरील मार्ग आधी अवलंबावेत. तरीही हालचाल झाली नाही, तर एक जुना पण प्रभावी उपाय आहे. मध्य प्रदेशातील रतलाम येथील रहिवाशांनी उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी यांविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नगरपालिकेने पैसा नसल्याचे कारण सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या निकालात ते स्वीकारले नाही, आणि वैधानिक कर्तव्यापासून नगरपालिकेला सुटका नाही असे स्पष्ट केले. आपल्याकडे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ४९ मध्ये ही कर्तव्ये दिलेली आहेत. जुन्या कलम १३३ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आले असून, अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. मात्र तेथेही पहिला प्रश्न नेरूळच्या ताईंचाच असेल: मोरी कोणाची? चुकीच्या यंत्रणेला पक्षकार केले तर वर्ष वाया जाते.

नौपाडा, ठाणे (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी गावी गेलो होतो. किलोमीटरचा दगड मोरीपासून थोडा पुढे, घाणेरीच्या झुडपात अर्धा गाडला गेलेला सापडला. बाबांनी काठीने माती खरवडली आणि मी पाण्याने धुतला. डोके हिरवे निघाले. म्हणजे रस्ता राज्य महामार्ग आहे, आणि पाचही अर्ज आम्ही एकाच दारात देत होतो. नंतर अर्ज पुन्हा वाचले. पाचांपैकी चारांत पथदिव्यांचीही तक्रार आहे. ती मीच लिहिली होती.

काका, आता दोन स्वतंत्र अर्ज तयार केले आहेत: मोरीसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांकडे, आणि मोरीच्या वरच्या बाजूच्या नाल्याची साफसफाई यादीत घेण्यासाठी नगरपरिषदेकडे, दोन्हींत एकमेकांचा उल्लेख आणि संयुक्त पाहणीची मागणी आहे. हा रस्ता मधल्या काळात नगरपरिषदेकडे वर्ग झाला आहे का, हे विचारण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा करतो आहे. अकरा घरांपैकी नऊ घरांनी सह्या केल्या. उरलेली दोन्ही घरे भाड्याची आहेत, मालक डोंबिवलीला असतात. तेथे भाडेकरूंची सही चालेल का, एवढे कृपया सांगावे, कारण सोमवारी मी रजा घेतली आहे.

निवृत्त लिपिक, कळवा

चालेल. पाणी त्यांच्या घरात शिरते, तेव्हा अर्जदार तेच. नावापुढे ‘भाडेकरू’ असे लिहावे आणि आधार किंवा वीजबिलाची प्रत जोडावी. दोन्ही कार्यालयांत स्थळप्रत न्यायला विसरू नका, आणि शिक्क्याखालची तारीख उमटली आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी पाहा.