उत्तर: कॉट्सवोल्ड सहल – चिपिंग कॅम्पडनला थांबायचं का?

नमस्कार मंडळी,
इंग्लंडमधल्या या गावचा जुना मार्केट हॉल बाहेरून दहा मिनिटांत बघून होईल ना? वेळापत्रक पक्कं करते आहे.
– सुलभा

सुलभाताई,
अर्धा तास धरा. लोक हमरस्त्यावरून फोटो काढून निघतात आणि आत पाऊलही टाकत नाहीत. हॉल १६२७ चा. राजदरबाराला रेशीम पुरवणाऱ्या सर बॅप्टिस्ट हिक्सने तो लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांसाठी बांधून दिला. चर्चजवळची १६१२ ची बारा गरिबांची घरंही त्याचीच. चारी बाजूंना कमानी, दाराचा पत्ता नाही. आतली फरसबंदी झिजून उंचसखल झालीय, उंच टाचा नकोत. वरच्या लाकडी कैच्या (छपराचा सांगाडा) बघा. दगडी कौलांत मोठी वळचणीला आणि लहान आढ्याला अशी उतरंड असते: वळचणीला पाणी जास्त, आणि खाणीतला लहानसहान तुकडाही वाया जात नाही. १९४० च्या दशकात ही वास्तू अमेरिकेला विकली जायच्या बेतात होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून विकत घेतली आणि वारसा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली.
– अनंत

अनंतराव,
कॉट्सवोल्डच्या याच दगडाचं आमचं घर आहे, दगडांमधल्या दरजा (सांधे) पडायला आल्यात. बिल्डर म्हणतो सिमेंट भरू. भरावं का?
– मेधा

मेधाताई,
अजिबात नको. हा चुनखडक मऊ. सांध्यात सिमेंट बसलं की भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातून निघते. मग क्षार आणि गोठणारं पाणी दगडाचे पापुद्रे काढतात. सांधा बरगडीसारखा पुढे आणि दगड मागे सरलेला दिसला, की बहुधा सिमेंटच.

सांध्यातला जुना माल छिन्नी-हातोडीनेच खरवडा, ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, २५ मिमी तरी. धूळ झाडा, आदल्या दिवशी भिजवा, भरताना पुन्हा शिंपडा. एनएचएल २ (पाण्याशी घट्ट होणारा नैसर्गिक चुना, सौम्य प्रतीचा) १ भाग, खरबरीत धुतलेली वाळू अडीच भाग, पाणी बेताचं. मिश्रण सैल झालं की सुकताना तडे जातात. दाबून भरा. अंगठा जेमतेम उमटेल इतकं घट्ट झालं की ताठ ब्रशने ठोका, वरची साय निघून वाळू उघडी पडते. मग ओलं गोणपाट आठवडाभर. इथेच सगळे चुकतात: ऊन-वाऱ्याने भराभर सुकलेला चुना पीठ होऊन झडतो. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर मार्चनंतरच हात लावा.

घर लिस्टेड (वारसा म्हणून सरकारी यादीत संरक्षित) असेल तर आधी कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला विचारा. परवानगी लागत असताना विनापरवाना केलेलं काम फौजदारी गुन्हा ठरतं.
– अनंत