जिन्यावर जाडीपेक्षा घट्ट वीण बघा
जाड आणि मऊ कार्पेट जिन्यावर जास्त टिकतं असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. जिना झिजतो तो पायरीच्या कडेवर, आणि तिथे विणीची घट्टताच कामाला येते. दुकानात नमुना कडेसारखा उलटा दुमडून बघा. तंतूंच्या मुळाशी पाठीचं कापड उघडं दिसलं तर ते जिन्याला नकोच. इंग्लंडमधल्या घरांत ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉनचं आखूड, पीळदार कार्पेट जिन्याला चांगलं चालतं.

बसवण्याबद्दलही सांगतो: लव, म्हणजे कार्पेटच्या तंतूंचा कल, जिना उतरण्याच्या दिशेने हवी. उलटी बसली की कडेवर तंतू फाकतात आणि तिथे विरळ रेघ दिसायला लागते. कार्पेटखालचा मऊ थर, म्हणजे अंडरलेही फार गुबगुबीत नको, नाहीतर प्रत्येक पावलाला कार्पेट हलून ग्रिपरच्या (कार्पेट धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या) खिळ्यांवरून सुटतं. आणि मांजर असेल तर लूपचं, म्हणजे धाग्यांची टोकं न कापता वेटोळी ठेवलेलं कार्पेट घेऊच नका, एक धागा ओढला गेला की ओळच्या ओळ उसवते.