त्याच पेट्यांतला मध, मग तीन बरण्यांत तीन चवी कशा?

चमचाभर:
वर्षभर एकाच मधपाळाकडून न तापवलेला मध घेतेय. आज तीन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चक्रावले. मोहरीच्या फुलोऱ्यातली पांढरट, तुपासारखी थिजलेली. निलगिरीच्या वेळची तांबूस, गिळल्यावर मागे औषधी वास राहतो. पावसानंतरची काळपट, घशात जरा कडवट, आणि खाली रवा, वर पातळ थर. नवऱ्याचं म्हणणं, पांढऱ्या बरणीत साखर आहे. मला तसं वाटत नाही, पण सिद्ध कसं करू?

पेटीवाला:
बारा वर्षं पेट्या सांभाळतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

चव, वास आणि रंग हा फुलांचा ऐवज. माश्या त्यातलं पाणी उडवतात आणि साखर फोडतात. मकरंद बराचसा पाणीच असतो. पंखांनी वारा घालघालून त्या पाण्याचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग पोळ्यातल्या घरावर मेणाचं झाकण घालतात. त्यांच्या लाळेतल्या विकरामुळे मकरंदातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. कुठलं किती, हे फुलागणिक बदलतं. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे ते जास्त असेल तर मध पटकन बसतो. मोहरी आणि सूर्यफूल यात सगळ्यांच्या पुढे, काही आठवड्यांत थिजतात. फ्रुक्टोज जास्त असलेला मध महिनोन्महिने पातळ राहतो. तेव्हा थिजला म्हणून त्या पांढऱ्या बरणीवर आळ घेऊ नका.

एक फुलोरा संपल्यावर फ्रेम, म्हणजे पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी, काढल्या नाहीत तर पुढचा मध त्यातच भरला जातो. एका वर्षी मी आळस केला आणि मोहरी-निलगिरीची अशी सरमिसळ झाली, की गिऱ्हाइकाला काय सांगावं कळेना. तुमच्या मधपाळानं तीन चवी वेगळ्या राखल्यात, म्हणजे माणूस वेळेवर मध काढतो.

गोडबोल्या:
एवढं कशाला? पेलाभर पाण्यात थेंब सोडा. तळाशी गेला की अस्सल.

पेटीवाला:
घट्ट पाकसुद्धा तळाशीच जातो हो. त्या प्रयोगात दाटपणा कळतो, भेसळ नाही. आणि उलटही खरं: चव बदलते म्हणून मध शुद्धच, असंही नाही. खात्री हवी तर प्रयोगशाळाच.

@चमचाभर, मला काळजी तिसऱ्या बरणीची आहे. झाकण उघडताना आवाज येतो का?

चमचाभर:
अगंबाई, हो! फुस्स होतं. वर बारीक फेसही आहे. मला वाटलं, ताजा असल्याची खूण.

पेटीवाला:
आंबतोय तो. ग्लुकोजचे खडे झाले की वरच्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं. २० टक्क्यांच्या वर गेलं की यीस्टला रान मोकळं. दमट हवेत, झाकण न घातलेल्या घरांतला मध काढला की हे हमखास होतं. मधपाळाला सांगा, भांडू नका.

पांढरा पातळ हवा असेल तर बरणी ४० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात ठेवा. अंड्या-अळ्यांपाशी पेटीतच ३५ अंशांच्या आसपास ऊब असते, तेवढ्यानं काही बिघडत नाही. उकळत्या पाण्यात मात्र वास उडतो. १४ अंशांच्या आसपास रवा सगळ्यात लवकर धरतो, म्हणून थंडीत तक्रारी जास्त.

रवाळ:
एक राहिलं: वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध चाटवू नका, कितीही शुद्ध असो. बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात.

चमचाभर:
मधपाळाला फोन केला. पावसाची झड लागेल या भीतीनं त्यानं त्या फ्रेम लवकर काढल्या होत्या, स्वतःच कबूल केलं. बरणी बदलून देतोय. पांढरी मात्र कोमट पाण्यात ठेवलीच नाही. चमच्यानं खरवडून खाताना नवराही गप्प आहे.