हिरवं किट देऊनही पाणी जाणं परत येतंय, चूक कुठे?

शिबिर_सांवेर
इंदूरहून सांवेरकडच्या दोन गावांत महिन्यातून एकदा शिबिर असतं. पिवळट-हिरवं, फेसाळ, वास येणारं पाणी जातं आणि खाज सुटते, म्हणून बायका येतात. हिरव्या किटने (पाणी जाण्यावर देतात ते गोळ्यांचं पाकीट) आठवडाभर बरं वाटतं, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. स्लाइड इंदूरला पाठवली की रिपोर्ट ‘काही दिसलं नाही’. औषध बदलायचं का? दोघींना तर बाहेर कुणी पिशवी (गर्भाशय) काढायला सांगितलंय.

स्लाइडवाली
औषधाचं नंतर, आधी स्लाइड. वर्णन ट्रायकोमोनासचं वाटतं. हा परजीवी ओळखू येतो तो हालचालीवरून; थांबला की पू-पेशींत हरवतो, आकार जवळपास तेवढाच. इंदूरला पोचेपर्यंत थेंब वाळतो. कुणी काळजीने बर्फाच्या डब्यात ठेवला तर तो गारठूनच थांबतो.

स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) लावून योनीच्या मागच्या खळग्यातून काडीवर नमुना घ्या, नॉर्मल सलाइनच्या एका थेंबात फिरवा (सलाइन गार नको), कव्हरस्लिप ठेवा आणि दहा मिनिटांत तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आधी १० चं लेन्स, मग ४० चं. कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली, उजेड कमी. नासपतीच्या आकाराचा जीव झटके देत वळवळताना दिसतो. इतकं करूनही एक-तृतीयांश ते निम्म्या केसेस सुटतात, तेव्हा ‘काही दिसलं नाही’ यावर विसंबू नका.

देवासनाका
किटमध्ये सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ, एकदाच घ्यायचं. औषध बरोबर आहे. नवऱ्याला सेक्निडॅझोल दिलं का? पुरुषाच्या मूत्रमार्गात हा राहतो आणि बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून ‘मला काय झालंय’ म्हणत गोळी खिशातच राहते. दोघांनी एकाच दिवशी, तुमच्या समोर घ्यायची. पुढे सात दिवस संबंध नकोत. त्याच्याशी बोलताना ‘बायकोचा रोग’ हा शब्द टाळा.

तरी परत आलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने मेट्रोनिडॅझोल ४०० किंवा ५०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ७ दिवस. तोंडाला धातूची चव येते, तिसऱ्या दिवशी सोडतात, आधीच सांगा. नुसती आत ठेवायची गोळी पुरत नाही, मूत्रमार्गात पोचत नाही. गरोदर बाईला हे किट देऊ नका, त्यात फ्लुकोनॅझोल आहे. तिला डॉक्टरकडेच पाठवा.

पिशवीबद्दल: हा परजीवी योनीत आणि मूत्रमार्गात असतो. पिशवी काढली तरी तो तिथेच.

स्लाइडवाली
एक राहिलं. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, किंवा तपासताना गर्भाशयाचं तोंड हलवलं की कळ येते, तर हिरवं किट नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर. गनोरिया-क्लॅमिडिया हे लैंगिक संसर्ग वर चढून गर्भनलिका बंद करतात, मूल न होण्याचं ते मोठं कारण. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्या, सरकारी रुग्णालयात फुकट होते.

शिबिर_सांवेर
नवऱ्यांना दिलं नव्हतं. एका घरात सात वर्षांच्या मुलीलाही खाज आहे, आईकडूनच आली असेल का?

देवासनाका
रात्री गुदाजवळ खाज असेल तर बहुधा सुताएवढे जंत. ते पुढेही सरकतात. सकाळी संडासच्या आधी पारदर्शक चिकटपट्टी गुदाला दाबून काचेवर लावा, अंडी दिसतात. अल्बेंडॅझोल ४०० मिग्रॅ, दोन आठवड्यांनी पुन्हा, अख्ख्या घराला. घरात गरोदर कुणी असेल तर तिचं डॉक्टरांना विचारून. मात्र मुलीला पाणी जात असेल किंवा जखम दिसली तर चिकटपट्टी विसरा. लगेच डॉक्टर. लैंगिक अत्याचाराची शंका धरावीच लागते, आणि पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा कायदा) कळवणं बंधनकारक आहे.